बंद करायची राहिलेली सीडी

धाकटी डहाणू
४ नोव्हेंबर २०२५

हिना,

वर काय लिहायचं यातच अर्धा तास गेला. आशीर्वाद लिहिला तर तू हसशील, नमस्कार लिहिला तर मी हसेन. म्हणून नुसतं नाव लिहिलं.

तुझी चिठ्ठी रूपीने आणून दिली. अकरा वर्षांनी तीन ओळी. "हेतलला तिच्या बाबांचा आवाज ऐकायचा आहे. त्यांनी भरलेल्या सीड्या घरात असतील तर द्या. फोन करू नका." त्यातल्या फोन करू नका याच्याखाली रेघ. नाही करत, बाई. रूपी आठवड्यातून दोनदा चिंचणीच्या बाजारात मासळी घेऊन येते, तिच्या टोपलीतून हे पत्र तुला मिळेल. वास आला तर नाक मुरडू नकोस, तूही याच घरात नांदलीस.

सीड्या असतील. माझ्या दिपकने लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे वर्षभर काम केलं होतं, तेव्हापासून त्याला तो नाद होता. बोटीवरून आला की कॅमेरा, आणि रात्री जेवलं की कॉम्प्युटर. एकदा कॉम्प्युटर बिघडून सगळं पुसलं गेलं, तेव्हापासून जे काढायचा ते सीडीवर भरून ठेवायचा. कॅमेरा तर त्याच्याबरोबरच दर्यात गेला. कॉम्प्युटर खाऱ्या हवेने गंजला, तो भंगारात दिला. म्हणजे आता आवाज आहे तो सीड्यांतच. बघते पेटीत.

पोरीसाठी बघते, एवढं ध्यानात ठेव. तुझ्यासाठी नाही. त्याला ताप असताना तू त्याला बोटीवर पाठवलंस, जाळं ओढताना त्याचा तोल गेला, आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला तो कसा मिळाला ते तुला माहीत आहे. ते मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. पण हेतल आठ महिन्यांची होती. तिचा काय दोष.

तुझे सासरे बरे आहेत. गुडघे दुखतात, आता बोटीवर जात नाहीत. ओटीवर बसून जाळी विणतात आणि बोलत नाहीत. पूर्वीही फारसे बोलत नव्हते म्हणा.

मालू


१६ नोव्हेंबर

हिना,

सीड्या मिळाल्या. पण लागत नाहीत.

शेजारच्या चिमणकडे जुना प्लेयर आहे, त्याच्यात घातल्या. एक घातली की आतून खरवडल्यासारखा आवाज यायचा आणि टीव्हीवर इंग्रजीत अक्षरं. चिमण म्हणाला, "मालूकाकी, सीडीच नाय म्हणतोय हा." समोर दिसतेय आणि म्हणे नाही. मी पदराने पुसल्या, गोल गोल, ताट पुसावं तशा, आणि परत घातल्या. तरी नाही म्हणजे नाहीच.

मग डहाणूच्या बाजारात गेले. स्टेशनाकडच्या गल्लीत हार्दिक आहे, टीव्ही-मोबाइल दुरुस्त करतो. पस्तिशीचा असेल. दिपकला ओळखायचा, कोऱ्या सीड्या त्याच्याच दुकानातून यायच्या. पहिल्यांदा मला दटावलं त्याने. "काकी, गोल नाय पुसायचं. मधून बाहेर, सरळ. गोल पुसलं तर ओरखडा लिखाणाच्या बाजूने जाते, मग मशीनला वाचताच येत नाय." आणि म्हणाला, ही सीडी नाही, डीव्हीडी आहे. मी म्हटलं, माझ्यासाठी सीडीच, तू तुझं काम कर.

त्याने एक सीडी दिव्यासमोर धरली. मी बघितलं तर चाळणी. ठिकठिकाणी पांढरे ठिपके, पलीकडचा दिवा दिसत होता. कडेचा चकचकीत पापुद्रा सुटलेला. त्याने मला विचारलं, "काकी, ह्या ठेवल्या कुठे होत्या?" मी म्हटलं, पेटीत. तो हसला. "पेटीत ऊन येते काय?"

हिना, मी तिथे खोटं बोलले, आणि तुलाही मागच्या पत्रात पेटी म्हणूनच लिहिलं. पेटीत नव्हत्या त्या. अंगणात बोंबील वाळत घालायच्या आपल्या बांबूच्या वलांडी आहेत ना, त्यांच्यावर टांगलेल्या होत्या. मधल्या भोकातून जाळ्याचा दोरा ओवून. वाऱ्याने फिरतात, चमकतात, कावळे येत नाहीत. इथे सगळेच टांगतात, कोण भजनाच्या, कोण पिक्चरच्या. मी माझ्या पोराच्या टांगल्या. चार हंगाम झाले. तेवीस होत्या, खाली उतरवल्या तेव्हा चौदा उरल्या.

हार्दिकला दाखवायला न्यायच्या म्हणून आदल्या दिवशी मी त्या राखेने घासल्या, काथ्या घेऊन. माशाचा वास जाईना म्हणून. भांड्यासारख्या लख्ख झाल्या. हार्दिकने ते ऐकून डोक्याला हात लावला. मी त्याच्या स्टुलावर बसून राहिले. खारी हवा आणि ऊन यांनी अर्धं नेलं होतं, उरलेलं मी काथ्याने काढलं.

का टांगल्या म्हणून विचारशील. कावळ्यांमुळे, असं सगळ्यांना सांगते. खरं सांगू? त्या वर्षी तुमच्या चिंचणीला एका लग्नात तुला लांबून बघितलं होतं. हिरवी साडी होती आणि तू हसत होतीस. घरी आले आणि पेटी उघडली.

हार्दिक म्हणतो, सगळ्या ठेवून जा, बघतो.

मालू


२७ नोव्हेंबर

हिना,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघितली असं समजू नकोस.

हार्दिककडे चार वेळा जाऊन आले. मला आता सगळं पाठ झालंय. आधी त्याने मशीनचं भिंग साफ केलं, कारण जुन्या मशीनची नजर मंद होते. मग प्लेयर सोडून कॉम्प्युटरला लावलं. मग गोदामातून एक जुनं मशीन काढलं, दिपकच्या कॉम्प्युटरमध्ये होतं त्याच जातीचं. घरी भरलेली सीडी कधीकधी तसल्याच मशीनला ओळख देते म्हणे, नव्याला देत नाही. आणि त्याला हळू फिरायला लावलं. सीडी फिरवायची, अडकली की थांबायचं, थंड करायची, परत फिरवायची. चौदातल्या आठ तर गेल्याच. त्याने त्या वेगळ्या ठेवल्या आणि वर फडकं टाकलं. समजूतदार आहे.

तुमच्या लग्नाची लागली. सगळी नाही. हळदीतलं थोडं, चित्र चौकोन चौकोन होऊन तुटत होतं. मध्येच तीन सेकंद नीट दिसलं. दिपक मान वळवून कोणाला तरी बघतो, गालाला हळद, आणि तिथेच अडकला. हार्दिकने ते चित्र तसंच ठेवलं. मी "दिप्या" म्हणून अशी ओरडले की समोरचा चहावाला धावत आला. आवाज मात्र नाही. दोन दिवस तेच चाललं, चित्र येतं तर आवाज नाही, आवाज येतो तर तो नुसता चरचर.

आता एक राहिली आहे. तिच्यावर मार्करने त्याच्या हाताने लिहिलंय, "हेतल उष्टावण. बाकी आहे." ती एकटी ओटीच्या पत्र्याखाली टांगलेली होती, ऊन कमी लागलं, वास कमी म्हणून घासलीही कमी. ओरखडेही कमी. तरी कुठलंही मशीन तिला कोरी म्हणतं. मी म्हटलं, मग कोरीच असेल. हार्दिकने ती मागून तिरपी धरली आणि मला दाखवलं. मधल्या भोकाजवळ बांगडीएवढं कडं होतं, बाकीपेक्षा गडद. जेवढं भरलेलं असतं तेवढाच रंग बदलतो. म्हणजे थोडंसं भरलेलं आहे. पण भरून झालं की शेवटी सीडी बंद करावी लागते, कॉम्प्युटरला तसं सांगावं लागतं. ती केली नाही तर दुसऱ्या मशीनला ती कोरी दिसते. "दिपकभायने पुढे अजून टाकायचं म्हणून उघडी ठेवली, काकी. मग राहूनच गेली."

कशी राहिली ते तुला आणि मला माहीत आहे. उष्टावण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीला तो गेला.

हार्दिक म्हणतो, उघड्या सीडीतूनही काढता येतं, त्याचं वेगळं सॉफ्टवेअर असतं. बुधवारी बोलावलंय. हेतलला सांगून ठेव, आजी प्रयत्न करतेय. आजी हा शब्द नको असेल तर दुसरा काही वापर.

मालू


३ डिसेंबर

हिना,

ती सीडी लागली.

आवाज नीट नाही. काही कळत नाही त्यात. पोरीला ऐकवण्यासारखं नाही. ती राहू दे. हळदीतली तीन सेकंदं आणि आणखी दोनचार तुकडे आहेत, ते हार्दिक पेनड्राइव्हवर घालून देईल, रूपीबरोबर पाठवते. त्याच्यावर भागव.

आज बोंबील आत घेतले नाहीत. दव पडलं, सगळे फुकट गेले.

मालू


११ डिसेंबर

हिना,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आवाज अगदी नीट आहे. इतका नीट की दुकानात समोर उभं राहून कोणी बोलावं.

सहा मिनिटं आहेत. पहिली चार उष्टावणाची. तुझ्या मांडीवर हेतल, मोठी वाटी, खीर. ती तोंड वाकडं करते आणि दिपक कॅमेऱ्यामागून म्हणतो, "बघ बघ, आईवर गेली, गोड नको हिला." सगळे हसतो. मीही हसते. मग त्याने कॅमेरा फळीवर ठेवला आणि तो बंद करायचा विसरला. चित्रात फक्त तुझ्या साडीची किनार आणि हेतलचा एक पाय दिसतो. बाकी बोलणं.

तू म्हणतेस, "आई, यांचं अंग बघा ना, भाजतंय. उद्याच्या दिवस नको जायला."

मग एक बाई बोलते. मी हार्दिककडे बघितलं. मला वाटलं, ही कोण? इतका चिरका, इतका माज असलेला आवाज. ती म्हणते, "ताप काय एकट्यालाच येतो? याचा बाप टायफॉइडमध्ये दर्यावर गेलाय. सगळ्या बोटी लागल्या जायला नि आमची नुसती नांगरून ठेवायची? लोक काय म्हणतील?" तू म्हणतेस, "लोकांचं जाऊ द्या ना आई." तर ती म्हणते, "तू गप बस. बायकोच्या पदराखाली बसायचं असेल याला, तर हातात बांगड्या भर म्हणावं आणि पोरगी खेळव."

हार्दिक मान खाली घालून स्क्रू ड्रायव्हर पुसत होता. तेव्हा मला कळलं ती कोण.

हिना, तुला वाटेल म्हातारी नाटक करते. दिपकची शपथ घेऊन सांगते, मला हे आठवत नव्हतं. अकरा वर्षं मला जे आठवत होतं ते असं होतं की तू दारात उभी राहून त्याला म्हणालीस, जा, घरी बसून काय करणार. मला तुझा चेहरासुद्धा दिसायचा हे म्हणताना. दहाव्याला सगळ्या पाड्यातल्या बायकांसमोर मी तुझ्याकडे बोट दाखवून "हिने पाठवला" म्हणाले, तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. मला तसंच वाटत होतं. तू म्हणालीस, "आई, तुम्ही म्हणालात," तर मी तुझ्या थोबाडीत मारली, कारण मला वाटलं तू माझ्या मेलेल्या पोरावरून खोटं बोलतेस. आता बघते तर तू त्या पहाटे डबा भरून दिलास आणि तापाची गोळी कागदात बांधून दिलीस, एवढंच खरं निघतं. बाकी माझ्या डोक्याने रचलेलं. डोकं असं करतं हे मला माहीत नव्हतं. आता कशावरच विश्वास राहिला नाही. लग्न कोणत्या वर्षी झालं तेही परवा ह्यांना विचारून घेतलं.

शेवटी दिपक म्हणतो, "जाऊ दे हिना, भांडू नका. जातो मी. आई म्हणते तर जातो." त्याचा आवाज थकलेला आहे. मग तो कॅमेऱ्याजवळ येतो. "अरे, हा चालूच राहिला." अख्ख्या पडद्यावर त्याचं तोंड. डोळे लाल, तापाने कोरडे पडलेले ओठ. मी त्या दिवशी एकदा जरी त्याच्या तोंडाकडे बघितलं असतं तर मला दिसलं असतं. मग बंद.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. मला वाटलं, यांना धक्का बसेल, कसं सांगू. ते जाळं विणत होते. विणायचे थांबले नाहीत. म्हणाले, "मी ओटीवरच होतो तेव्हा."

म्हटलं, "म्हणजे तुम्ही ऐकलं होतं?"

"ऐकलं होतं."

"मग दहाव्याला बोलला का नाहीत?"

"तू तशी रडत होतीस. कसं बोलणार? वाटलं, शांत झालीस की सांगू. मग हिना पोरीला घेऊन निघून गेली. मग कसं सांगायचं?"

अकरा वर्षं हा माणूस माझ्या हातचं जेवला. रोज मी तुला शिव्या घालायचे आणि हा आमटी वाढून घ्यायचा. मी उठले आणि त्यांचं जाळं चुलीत घालायला निघाले. घातलं नाही. तसं बघितलं तर त्यांचा गुन्हा मोठा की माझा, ते मला ठरवता येईना.

आणि तू. दिपकचं बारावं होऊन तू गेलीस तेव्हा फक्त सीड्या मागितल्या होत्यास. दागिने नाही, भांडी नाही. मी म्हटलं होतं, त्यातलं एकही देणार नाही, माझ्या पोराचं आहे. तुला ठाऊक होतं ना त्यात काय आहे? दिपक सोडला तर आपण दोघीच होतो त्या खोलीत.

मालू


१५ डिसेंबर

हिना,

परवा हार्दिक म्हणाला, "काकी, तेवढी शेवटची दोन मिनिटं कापून देऊ काय? चार मिनिटांची उष्टावणाची क्लिप राहील, मस्त आहे. कोणाला कळणार पण नाय." तो माझ्या भल्यासाठीच म्हणत होता. मी हो म्हटलं. त्याने कापायला घेतलं, मी बघत उभी राहिले. मग म्हटलं, नको. कापलं की दिपकचं "जातो मी" पण जातं. त्याच्या तोंडाचं ते शेवटचं चित्र जातं. त्याचं शेवटचं बोलणं माझ्या बोलण्याला उत्तर आहे, त्यांना वेगळं करता येत नाही. आणि दुसरं असं की, तुझ्यापाशी पुरावा नव्हता म्हणून तू हरलीस. माझ्यापाशी आहे आणि मी कापला तर मी कोण?

म्हणून पूर्ण पाठवते आहे. पेनड्राइव्हवर सहा मिनिटं, आणि दिपकची मूळ सीडी वेगळी, मऊ कापडात. तिला काही लावू नकोस. हार्दिकने सांगितलंय, उभी ठेवायची, अंधारात. ती बंद करू का म्हणून त्याने विचारलं, म्हणजे कुठल्याही मशीनला लागेल. मी म्हटलं, राहू दे उघडी. त्याने जशी ठेवली तशी.

काल बंदरावर बायका जमल्या होत्या, बोंबील निवडायला. दहाव्याला होत्या त्यातल्या सात-आठ जणी अजून आहेत. मी मध्ये उभी राहून सांगितलं. हिनाने पाठवला नव्हता, मी पाठवला होता. तिला मी सगळ्यांसमोर मारलं होतं म्हणून सगळ्यांसमोर सांगते. एक जण म्हणाली, "जाऊ दे मालू, आता कशाला उकरून काढतेस." मी म्हटलं, "तुला जाऊ दे म्हणणं सोपं आहे." मग त्या परत निवडायला लागल्या. मला वाटलं होतं, कोणीतरी माझ्या तोंडावर थुंकेल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

माफी मागत नाही. मागण्याएवढं तोंड नाही आणि तू दिलीस तर ती घ्यायची कुठे तेही कळत नाही. परत ये असंही लिहीत नाही. तुला तिकडे तारापूरला कंपनीत काम आहे, पोरीची शाळा आहे, तुझं घर तू उभं केलंस. फक्त हेतलबद्दल लिहायचं आहे, कारण तिच्यासाठीच हे सगळं सुरू झालं.

आधी तू एकटी ऐक. मग तिला किती ऐकवायचं ते तू ठरव. चार मिनिटांवर थांबवलंस तर तिला हसणारे बाबा मिळतील, आणि तेही खोटं नाही. पण सगळं ऐकवलंस तर ती विचारेल. पोरं विचारतातच. आई, ही ओरडणारी बाई कोण?

तिला सांग, आजी. उगाच शेजारीण वगैरे सांगू नकोस. आठ महिन्यांची असताना ती या घरातून गेली, कळत्या वयात तिने माझा आवाज कधी ऐकलेला नाही. पहिल्यांदा ऐकेल तो हा.

मालू